धावड्याच्या होळीवर माझी लाकडं

निजामाच्या मुलखात जाताना बरोबर सरपण न्या, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आम्ही चिपळूणची माणसं. जळण विकत घ्यायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. परसात पाऊल टाकलं की झावळ्या, सोडणं, करवंट्या, आंब्याच्या वाळक्या डहाळ्या. पावसाळ्याआधी पडवी भरून टाकली की वर्षाची ददात मिटली. अशी मी, लाकडासाठी भर बाजारात भांडले, आणि तेही लेकीच्या सासरच्या मुलखात! परत आल्यापासून शेजारणी विचारतात, तिकडे पाहिलंस काय? पाहिलं पुष्कळ. पण सांगायला बसलं की आधी तोंडात येतात त्या गारा आणि ते भाव.

आमचे जावई जालन्याकडच्या धावड्याचे. पुण्याला शिकत होते तेव्हा माझ्या भावाकडे खोली घेऊन राहत, तिथे सोयरीक जमली. आता गावातच मास्तर आहेत. कुसुमचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं. पण तिचे पाय सुजले, एवढा प्रवास तिला झेपायचा नाही असं त्यांनी कळवलं. लेक येत नाही तर आईनं जावं, असं मी ठरवलं. हे, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "शिमगा तोंडावर आलाय." मी म्हटलं, "शिमगा काय दर वर्षी येतो. नातवंड पहिलं आहे." कोकणी माणसाला शिमग्याला घर सोडायला लावायचं म्हणजे काय, ते आमच्या लोकांना सांगायला नको.

जालना

जालन्याच्या स्टेशनवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई सामान उघडून बघतो, हे ऐकून होते. त्यानं माझं बोचकं सोडलं, आमसुलं बघून नाक मुरडलं आणि कुळथाच्या पिठात बोट घालून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "खाऊन बघ." ह्यांनी जन्मात कुणाशी आवाज चढवलेला नाही. ते लगबगीनं मध्ये पडले आणि आमची सुटका झाली.

धर्मशाळेत वळकट्या टाकतोय तोच आभाळ काळं पडलं. फाल्गुनात कसला आलाय पाऊस, म्हणून मी बाहेर डोकावले तर कपाळावर टणकन काहीतरी बसलं. गार! मग पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की ह्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हता. आमच्याकडे पाऊस चार महिने कोसळतो, पण तो सांगून येतो आणि आपण त्याला वाट करून दिलेली असते. हा आला तो मारायलाच आला. थांबला तेव्हा अंगण पांढरं झालं होतं, लिंबाच्या झाडावर पान उरलं नव्हतं आणि खाली राघू मरून पडले होते. पायरीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. ते एवढंच म्हणाले, "ज्वारी गेली." मी डब्यातली आंबापोळी काढून त्यांना दिली. त्यांनी ती खाल्ली नाही, नुसती हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्टोव्हमधलं घासलेट संपलं. स्टोव्ह घेतल्याशिवाय मी घर सोडत नाही, कारण परक्या हातचा चहा मला चालत नाही. समोरच्या दुकानात भाव विचारला, बाटली आणायला धर्मशाळेत गेले आणि बाटली घेऊन परत आले, तर भाव दीडपट!

"अहो, आत्ता तर वेगळा सांगितलात!"

"गारा पडल्या ना, बाई."

"घासलेटात पडल्या का?"

"रुळाखालची माती वाहून गेली. मालगाडी अडकून पडली. आता हाय तेवढंच हाय."

"पण हा डबा तर गारांच्या आधीचा आहे!"

"बिलकुल बराबर," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "पर ह्याच्या पुढला डबा कुठं आला?"

त्याच्या गोडव्याचाच राग जास्त आला. बाटली न भरताच मी परत फिरले. त्या दिवशी परक्या हातचा चहा प्याले, आणि खोटं कशाला बोलू, बरा होता.

भोकरदन

भोकरदनला सर्व्हिसची मोटार जाते. ती तिसऱ्या दिवशी मिळाली. ड्रायव्हरनं भाडं सांगितलं तेव्हा मी चपापले. "पिट्रोल म्हंगलं, बाई. गारा पडल्या न्हाई का!" हे म्हणाले, दे आणि बस. बसले. पण राजूरच्या गणपतीला लांबूनच हात जोडले न जोडले तोच चाकं काळ्या चिखलात रुतली. इथली माती म्हणजे विचारू नका. आमची तांबडी माती पाण्याबरोबर निघून जाते. ही धरली की सोडत नाही, पायातली वहाण ठेवून घेते. सगळ्यांना खाली उतरवलं आणि मोटार ढकलायला लावली. मीही पदर खोचून हात लावला.

"काय रे," मी ड्रायव्हरला म्हटलं, "पैसे पेट्रोलचे घेतलेस आणि मोटार आमच्या भाकरीवर चालवतोस?"

तो पोट धरून हसला. मग पुढची आपल्या शेजारची जागा त्यानं मला दिली आणि ओंजळभर फुटाणे दिले. ह्या मुलखातली ही एक खोड मला पहिल्यापासून जाणवली. माणसं भांडणाचा राग धरत नाहीत. आमच्याकडे एका फणसावरून दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरतात.

भोकरदनला मोटार थांबली तर पांढऱ्या दाढीचा, डोक्याला लाल रुमाल बांधलेला एक गाडीवान आमच्याकडे बघून पुढं आला. "चिपळूणचे ना? मी चाँदभाई. मास्तरांच्या शेजारीच ऱ्हातो. कालपासून येऊन बसलो, तुमीच येऊन न्हाई राह्यले."

"कुसुम कशी आहे?"

"पोरगी झाली, बाई! ज्या दिशी गारा पडल्या त्याच दिशी. पंधरा दिवस आदीच आली." मग तो अडखळला. "लई बारकी हाय. हातपाय गार पडून राह्यले. सुईण म्हन्ली, ऊब तुटू देऊ नका. पर गावात वाळलेलं जळतन न्हाई. गवऱ्याचे रचलेले हुडवे फुटून भिजले, तुराट्या वल्ल्या. पेटवलं का नुसता धूर, आन् धुरानं लेकरू खोकून राह्यलं. मास्तर म्हन्ले, येताना वाळली लाकडं आन. मी वखारीत जाऊन आल्तो. भाव ऐकूनच परत फिरलो."

"चला वखारीत," मी म्हटलं.

वखार पत्र्याखाली होती. बाभळीची लाकडं, ठणठणीत कोरडी. गादीवर शेठ पान लावत बसले होते. भाव ऐकला आणि मी दारातल्या हमालाला विचारलं, गारांच्या आधी काय होता? तो बिचारा खरं बोलून गेला. तिप्पट! रात्रीतून तिप्पट!

"शेठ, लाकूड तेच ना? का त्याला सोन्याची साल आली?"

"गारा पडल्या ना, बाई. डोंगरातली वाट खचली. गाड्या येत न्हाईत."

"तुमच्या पत्र्यावरही पडल्या असतील की! एखादी आत का नाही आली?"

बाजारातली माणसं जमली. शेठ मात्र शांतपणे पानाला चुना लावत होते. "आज घ्या न्हाईतर उद्या घ्या. उद्याचा भाव मी सांगू शकत न्हाई."

मी आणखी काय काय बोलणार होते कुणास ठाऊक. पण हे कधी नव्हे ते माझा हात धरून म्हणाले, "अगं, पोरीला ऊब हवी आहे. भांडण मागून कर." आणि त्यांनी पैसे काढले. पण निघताना मी शेठना सांगितलंच, "माझ्या नातीच्या अंगातली ऊब विकलीत तुम्ही मला. लक्षात ठेवा." ते म्हणाले, "ठेवतो. लाकडं मोजून घ्या."

अर्धी गाडी लाकडं भरली आणि त्यांच्यावरच आम्ही दोघं बसलो. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी आडवी झालेली, आंब्याचा मोहोर चिखलात सांडलेला. गावोगाव पाराच्या कट्ट्यावर माणसं नुसती बसलेली. चाँदभाईनं एका विहिरीवर गाडी सोडली, फडकं उलगडलं आणि भाकरी मोडून ठेच्यासकट अर्धी आमच्या हातावर ठेवली. खाणार का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे आधी जात विचारतात, मग पाणी. भूक लागली होती, मी खाल्ली. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा चाँदभाई म्हणाला, "रडू नका बाई, पोरगी जगंल." मी ठेच्यानंच रडत होते. निदान तेव्हापर्यंत तरी.

धावडा

गाव अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेला आहे. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मी पायसुद्धा न धुता आत गेले. मग विहीणबाईंनी हाताला धरून मागे ओढलं, पाय धुवायला लावले आणि मग बाजेपाशी नेलं. उंच, काटक बाई. घरातली कर्ती तीच. आठ शब्दांत भागत असेल तिथं नववा वापरायची नाही.

कुसुम पांढरीफटक दिसत होती. कुशीत एवढंसं गाठोडं. मी हळूच दुपटं बाजूला करून तळपाय हातात घेतले. गार. विहिरीच्या पायरीवर हात ठेवावा तसे गार. आईला दिसू नये म्हणून मी हसले आणि म्हटलं, "नाक आमचं घेतलंय हं." कुसुमनं दुपटं पुन्हा घट्ट लपेटलं. तिला कळलं होतं.

मास्तरांच्या अंगणात घोटाभर चिखल आणि पडवी गळत होती, म्हणून लाकडं चाँदभाईच्या छपरात टाकली. टोपलीभर आत आणली. निखारे फुलले, धूर नाही, विहीणबाईंनी शेगडी बाजेखाली सरकवली. पहाटे तळपाय पुन्हा चाचपले. कोमट लागले. तिप्पट भाव मी त्या घटकेला माफ केला.

उजाडल्यावर दुसरी टोपली भरायला छपरात गेले, तर छप्पर मोकळं! एक ढलपी नाही. मी हाक मारली. चाँदभाई बाहेर आला, बघितलं आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसला.

"आज होळी, बाई. मी कसा इसरलो!"

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला घेरीच यायची राहिली. ह्या गावात होळीची लाकडं मागून आणत नाहीत, चोरून आणतात. ज्याचं चोरलं त्यानं शिव्या द्यायच्या आणि ज्यांनी चोरलं त्यांनी हसायचं. आणि दर वर्षी पहिला हात चाँदभाईच्या छपराला. त्याच्या बापाच्या वेळपासूनची ही थट्टा. तोही दर वर्षी मुद्दाम दोनचार ओंडके ठेवतो आणि सकाळी पारावर जाऊन सगळ्यांचा उद्धार करून येतो. यंदा पोरीच्या काळजीत त्याला दिवसाचं भान राहिलं नव्हतं, आणि लाकडं बाळंतिणीची आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला गाडी आलेली, चाँदभाईच्या छपरात रिकामी झालेली.

"मग परत आणा!"

"न्हाई आनता येत, बाई. होळीवर पडलेलं लाकूड होळीमायचं. मालकाला बी उचलता येत न्हाई."

आत शेगडी राखेला आली होती. चाँदभाई उठला, बैलगाडीचं जुनं जू ओढून काढलं आणि कुऱ्हाडीनं फोडायला लागला. "तवर हे घ्या," म्हणाला.

मी मात्र सरळ पारावर गेले. लेकीच्या सासरी आईनं आवाज चढवायचा नसतो, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नसतो, सगळं माहीत होतं. मारुतीसमोर होळी रचलेली, अर्धीअधिक ओल्या पऱ्हाट्यांची, आणि मधोमध माझी कोरडी बाभूळ. भोवती बाप्ये उभे, चांगले मिशांना पीळ दिलेले, आजोबा झालेले. मी तोंड सोडलं.

"मेल्यांनो! शिंच्यांनो! मुडदे बशिवले तुमचे! चोरायला माझीच लाकडं सापडली? तिप्पट भावानं घेऊन आले मी, वर बसून आले! दाढ्यामिशा आल्या, अक्कल कधी यायची? तिकडे तो वखारवाला लुटतो आणि इकडे तुम्ही!"

आणि काय सांगू, माणसं खूश झाली! एकानं टाळी दिली. किसन आबा म्हणून त्यांचे म्होरके होते, ते फेटा मागं सारून म्हणाले, "वा! अशी शिवी बापजन्मात ऐकली न्हाई. येऊ द्या बाई, आजून येऊ द्या!"

शिमग्याला बोंबा आमच्याकडेही मारतात, पण बाप्ये मारतात आणि बायका दाराआडून ऐकतात. इथं माझा जीव तुटत होता आणि ह्यांना वाटलं, चाँदभाईच्या जागी यंदा ही पाहुणी सणाचा मान राखायला आलीय. जितकी मी चिडावं तितके ते हसायचे. शेवटी माझा आवाज फाटला. "अरे, माझी नात गार पडलीय रे!" मी म्हटलं आणि तिथंच रडायला लागले.

किसन आबांनी फेटाच काढला. "कुनाची लाकडं ही?"

"मास्तराच्या बाळंतिनीची," मागून आवाज आला. विहीणबाई होत्या. हातात ओली, पाणी ठिबकणारी एक गवरी होती.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. किसन आबा होळीकडे गेले, एका ओंडक्याला हात लावला आणि मागं घेतला. "वैनी, मला बी समजून राह्यलं. पर होळीमायचं कसं उचलावं?"

"उचलू नका," विहीणबाई म्हणाल्या. "लाकूड तिचं. विस्तव तर समद्यांचा हाय ना?"

"विस्तव समद्यांचाच."

"मंग आत्ताच पेटवा. आन् भडकवू नका, धुमसत ठेवा. पयला विस्तव माझ्या शेगडीत. आन् ज्याच्या त्याच्या वल्ल्या गवऱ्या भवती मांडा, वाळतील." असं म्हणून त्यांनी हातातली गवरी होळीच्या कडेला उभी केली.

"दिवसाढवळ्या होळी? चांद तर निघू द्या," कुणीतरी कुरकुरलं.

"निघू द्या की. लेकराला जाऊन सांगा, दम धर म्हनून."

होळी भर सकाळी पेटली. मी अशी होळी पाहिली नव्हती. आमच्याकडे झाड वाजतगाजत आणून उभं करतात, ज्वाळा माडाला भिडल्या पाहिजेत. इथं बाप्ये काठ्या घेऊन ज्वाळा दाबत होते, राख ओढत होते, आणि बायका टोपल्या घेऊन येत होत्या. ओल्या गवऱ्या, ओल्या तुराट्या, सगळ्या गोल गोल मांडत गेल्या. वाफ निघत होती, धूर डोंगराकडे जात होता, गावाकडे नाही, नशीब. पहिला निखारा किसन आबांनी स्वतः घमेल्यातून आमच्या दारात आणला आणि मान खाली घालून म्हणाले, "बाई, शिव्या मागं घेऊ नका. चोर तर आमी हौतच."

संध्याकाळी विहीणबाईंनी पुरणपोळ्या केल्या, तूप सढळ. आणि दारात बघते तर वाळलेल्या गवऱ्यांची पहिली टोपली आलेली. मग दुसरी. ज्या घराच्या गवऱ्या वाळल्या त्या घरानं आधी आमच्या दारात टोपली रिकामी करायची, मग आपल्या चुलीला न्यायची, असं ठरवलं कुणी हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांची ज्वारी गेली होती ती माणसं ही. मी म्हटलं, "अहो, पुरे! एवढं कशाला?" तर एक बाई टोपली पालथी करत म्हणाली, "गारा पडल्या ना, बाई." आणि पदर तोंडाला लावून हसत गेली. चाँदभाईनं वखारीतली माझी ती गोष्ट गावभर केली होती म्हणजे.

धुळवडीला होळीच्या विस्तवावर पाणी तापवून पोरांना न्हाऊ घालतात, म्हणजे ऊन बाधत नाही. आमच्या पोरीला त्याच पाण्यानं पुसून काढलं. तिनं पहिल्यांदा जोरात टाहो फोडला. इतके दिवस ती नुसती कुंथायची. विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजीवर गेली." तळपाय मी दोन्ही हातांत धरून बसले. गरम! अगदी चांगले गरम! मी ते तोंडाला लावले, डोळ्यांना लावले.

त्याच दुपारी भोकरदनच्या वखारीची गाडी गावात आली, भरलेली, आणि भाव आणखी चढलेला. कुणी पारावरून उठलंसुद्धा नाही. किसन आबा रंगलेल्या तोंडानं गाडीवानाला म्हणाले, "होळीला द्यायची आसतील तर टाक बापा. इकत घ्यायला हिथं कुनाची चूल विझली?" गाडी आली तशी परत गेली. चाँदभाई शपथेवर सांगतो की वेशीबाहेर पडताना तिच्यात दोन ओंडके कमी होते.

बारसं झालं, मग आम्ही निघालो. नाव शारदा ठेवलं, पण गाव तिला होळीबाईच म्हणतं. वेशीपर्यंत सगळे आले. मी पोरीला शेवटचं घेतलं, सवयीनं दुपट्याखाली हात घालून तळपाय चाचपले आणि कुसुमच्या ओंजळीत दिली. विहीणबाईंनी माझ्या ओटीत ज्वारी घातली. ती गारांतून वाचलेली होती, निवडून ठेवलेली.

चाँदभाईनं बैल जुंपले. किसन आबा चाकाला हात लावून म्हणाले, "बाई, जाताना एक शिवी द्या की. गाव सुनं होईल."

मी तोंड उघडलं. "मेल्यांनो..." म्हटलं, आणि पुढं काही येईना. मला शिवी सुचली नाही, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

"एकच?" किसन आबा म्हणाले. "शिव्यांचा बी भाव वाढला व्हय?"

"गारा पडल्या ना, आबा," मी म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला.